धडधडत्या हृदयाचे दर्शन

बऱ्हाणपुरास कोणी पाहुणा आला, म्हणजे किल्ला आणि तापीचा घाट दाखवून झाल्यावर आपण त्याला आवर्जून कुंडी भांडाऱ्यावर नेतो. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमदानीत, इ. स. १६१५ च्या सुमारास, एका इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपत तापीकडे निघालेले पाणी जमिनीखालीच अडवावयाचे आणि बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणावयाचे, अशी ही युक्ती. वरून चालणाऱ्याला दिसते ती विहिरींसारख्या शंभरेक कुंडींची रांग. पाणी मात्र खाली, अंधारात वाहत असते. बोगदा साफ आहे की गाळाने भरला आहे, प्रवाह पुढे सरकतो की तुंबला आहे, हे कुंडीच्या काठाशी जाऊन आत डोकावल्याविना कळत नाही.

आपल्या देहातही असाच एक झाकलेला जलमार्ग आहे. मुठीएवढे हृदय मिनिटाला सुमारे बहात्तर वेळा आकुंचन पावते आणि आपण स्वस्थ बसलेलो असतानाही मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलते. कुंडी भांडाऱ्यात उतार आहे, म्हणून पाणी मागे फिरत नाही. हृदयात उतार नाही; तेथे परमेश्वराने चार झडपा बसविल्या आहेत. रक्त पुढे गेले की लागलीच मिटणारी ही चार दारे होत. त्यांपैकी एखादे दार नीट मिटले नाही, तर गेलेले रक्त पुन्हा मागे येते. नवलाची व त्याहून भयाची गोष्ट ही, की ते वर्षानुवर्षे असे मागे येत राहते आणि माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

या झाकलेल्या प्रवाहात छाती न उघडता आणि क्ष-किरणही न वापरता डोकावण्याची एक विद्या गेल्या काही दशकांत सिद्ध झाली आहे. तिला हृदयाचा एमआरआय म्हणतात. डोक्याचा किंवा पाठीच्या मणक्याचा एमआरआय आता आपल्या गावांनाही ऐकून ठाऊक आहे. परंतु क्षणभरही न थांबणाऱ्या हृदयाचे चित्र घेणे हे वेगळेच कर्म आहे. ज्या घरात जन्मतः हृदयात दोष असलेले मूल शस्त्रक्रियेने वाचले आहे, त्या घराने पुढील मजकूर विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे. कारण मूल वाचले, धावू लागले, शाळेत जाऊ लागले, की दवाखान्याची वाट विसरली जाते. आणि नेमके तेव्हाच डोकावण्याची गरज असते.

हृदय हा एक स्नायू

हृदयाच्या या ज्ञानात पवित्र ख्रिस्तसभेच्या एका सुपुत्राचा मोठा वाटा आहे. नील्स स्टेन्सेन हे त्याचे नाव. विद्वानांत तो निकोलस स्टेनो या नावाने ओळखला जातो. इ. स. १६३८ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी एका लुथरपंथी घराण्यात त्याचा जन्म झाला. इंग्लंडातील वैद्य विल्यम हार्वे यांनी रक्त देहात फिरत असते हे १६२८ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले होते खरे. पण स्वतः हृदय म्हणजे काय, याविषयी विद्वानांत गोंधळच होता. कोणी त्यास देहाच्या उष्णतेचा झरा म्हणत, कोणी जीवात्म्याचे आसन. स्टेनोने शस्त्र हाती घेऊन हृदयाचे तंतू एकेक करून तपासले आणि १६६४ साली निःशंकपणे लिहिले, की हृदय हा एक स्नायू आहे. हातापायांचे स्नायू ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचा.

पुढे तो इटलीस गेला. १६६६ साली लिव्होर्नो शहरात ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून त्याच्या अंतःकरणात मोठी खळबळ उडाली. पुढल्याच वर्षी त्याने कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ साली तो धर्मगुरू झाला, १६७७ साली बिशप झाला आणि उत्तर जर्मनीत गरिबीत सेवा करीत १६८६ साली प्रभूकडे गेला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. विज्ञान आणि श्रद्धा यांचे जन्मवैर आहे असे कोणी सांगू लागला, तर त्यास या बिशपाचे चरित्र सांगावे.

याच स्टेनोने, धर्मगुरू होण्यापूर्वी, जन्मण्याआधीच मृत झालेल्या एका अर्भकाचे हृदय तपासले होते. फुप्फुसाकडे रक्त नेणारी रोहिणी त्यात अरुंद होती. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. आणि देहाला रक्त पुरविणारी महारोहिणी त्या छिद्रावर अशी स्वार झाली होती, की दोन्ही कप्प्यांचे रक्त तिच्यात शिरावे. त्याने हे सारे टिपून ठेवले. सुमारे दोनशे वर्षांनी, १८८८ साली, फ्रान्समधील मार्सेयचे वैद्य फॅलो यांनी याच विकाराचे चार दोष एकत्र करून मांडले. त्यांतील चौथा दोष म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याची जाड झालेली भिंत. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर आज या विकाराचे नाव ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ असे लिहिलेले आढळते.

निळी बालके

जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यांतील पुष्कळ दोष लहान असतात आणि काही आपोआप भरून येतात. फॅलोचा विकार दर दहा हजारांत तीन-चार बालकांना होतो. अशा बालकाचे अशुद्ध रक्त फुप्फुसात पुरेसे न जाता छिद्रातून थेट देहात जाते, म्हणून रडताना वा दूध पिताना त्याचे ओठ व नखे निळसर पडतात. थोडे मोठे झालेले मूल खेळता खेळता धाप लागून उकिडवे बसते. उकिडवे बसल्याने त्यास आराम पडतो, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. आयांनो, असे मूल दिसले तर त्यास नजर लागली असे समजून स्वस्थ बसू नका. ते दृष्टीचे नव्हे, हृदयाचे काम असते.

एके काळी अशी बालके फार काळ जगत नसत. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात शल्यवैद्य ब्लॅलॉक यांनी, बालहृदयतज्ज्ञ हेलन टाउसिग या बाईंच्या सूचनेवरून, देहाकडे जाणाऱ्या एका रोहिणीतील रक्त फुप्फुसाकडे वळविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. प्रयोगशाळेत तिची सारी तयारी करणारा व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णी तंत्रज्ञ त्या वेळी ब्लॅलॉक यांच्या पाठीशी उभा राहून सूचना देत होता. १९५४ साली मिनेसोटात लिलेहाय यांनी हृदय उघडून छिद्र बुजविण्याची व अरुंद वाट रुंद करण्याची संपूर्ण शस्त्रक्रिया केली. आज ती भारतातही नित्य होते, आणि पुष्कळदा मूल एक वर्षाचे होण्याच्या आतबाहेरच होते. निळे ओठ गुलाबी होतात. घरात आनंदाची मिस्सा होते. पेढे वाटले जातात.

बरे झालेल्या हृदयातील उघडे दार

येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना शल्यवैद्याला पुष्कळदा त्या वाटेवरील झडपेला छेद द्यावा लागतो. त्या वेळी मुलाचा जीव वाचविणे हेच आद्य कर्तव्य असते, आणि ते योग्यच होय. परंतु अशा झडपेचे दार पुढे नीट मिटत नाही. दर ठोक्याला काही रक्त उजव्या कप्प्यात परत येते. तो कप्पा बिचारा तेच रक्त पुनःपुन्हा ढकलीत राहतो आणि हळूहळू ताणला जातो, जसे रोज जादा भार भरलेले पोते शिवणीशी सैल होत जाते. मूल मात्र धावते, खेळते, शेतात केळीचे घड उचलते. दहा वर्षे, वीस वर्षे कसलीच तक्रार नसते. धाप लागू लागते किंवा ठोके अनियमित होतात, तोवर कप्पा कधीकधी इतका सैलावलेला असतो, की नवी झडप बसविली तरी तो पूर्ववत होत नाही.

तात्पर्य, नवी झडप फार लवकर बसवू नये, कारण तीही काही वर्षांनी झिजते. आणि फार उशिराही बसवू नये, कारण मग कप्पा हातचा जातो. योग्य वेळ कोणती, हे मुलाच्या तोंडाकडे पाहून कळत नाही, नाडी पाहूनही कळत नाही. हृदयाची सोनोग्राफी, जिला इको म्हणतात, ही पहिली व अत्यंत उपयोगी तपासणी होय, आणि ती वरचेवर करावीच लागते. पण उजवा कप्पा छातीच्या हाडामागे दडलेला व वेड्यावाकड्या आकाराचा असल्यामुळे त्याचे नेमके आकारमान इकोने मोजणे कठीण जाते. त्याचे माप एमआरआय घेतो.

पाण्याचे बोल ऐकणारा लोहचुंबक

हे यंत्र काय करते, ते थोडक्यात पाहू. आपला देह निम्म्याहून अधिक पाण्याचा आहे, आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे अणू असतात. या अणूचा गाभा एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. एरवी हे कोट्यवधी चुंबक जत्रेतील गर्दीसारखे सैरावैरा तोंड करून असतात. रुग्णाला ज्या बोगद्यात निजवितात, तेथील चुंबकाची शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. तिच्या प्रभावाने त्यांतील थोडेसे एका दिशेकडे कलतात आणि भोवऱ्याप्रमाणे डुलत फिरू लागतात. मग यंत्र रेडिओच्या लहरींचा एक हलका झटका देते. भोवरे कलंडतात आणि पुन्हा सावरताना स्वतः क्षीण रेडिओ लहरी उत्सर्जित करतात. शरीराभोवती ठेवलेल्या तारांच्या वेटोळ्या त्या ऐकतात.

आता आवाज कोठून आला, हे कसे कळावे? त्यासाठी चुंबकाची शक्ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित वाढती ठेवतात. जेथे शक्ती अधिक, तेथील भोवरा जलद फिरतो व त्याचा स्वर उंच असतो; जेथे कमी, तेथील स्वर खालचा. स्वरावरून जागा ओळखता येते. ही युक्ती पॉल लाउटरबर यांनी १९७३ साली पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढून जगापुढे मांडली. त्यांना व इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाहत्या पाण्याचा प्रयोग बंगलोरात

वाहत्या द्रवाकडे या दृष्टीने प्रथम पाहणाऱ्यांत आपला एक देशबांधव होता, हे वाचून वाचकांस संतोष वाटेल. चित्रे काढण्याची कल्पनाही कोणाला सुचली नव्हती, तेव्हा १९५१ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी चुंबकात ठेवलेल्या नळीतून द्रव वाहता ठेवून त्याचे संकेत मोजले. स्थिर द्रवातील भोवरे रेडिओ लहरींनी पुनःपुन्हा झोडपल्यावर जणू थकून जातात व संकेत मंदावतो. पण द्रव वाहता असेल, तर ताजे भोवरे आत येत राहतात आणि संकेत वाढतो. तेव्हा संकेताच्या बळावरून प्रवाहाचा वेग ताडता येईल, हे उघड झाले. त्याच सुमारास अमेरिकेतून या विद्येत पारंगत होऊन आलेले एस. एस. धर्माट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुगर्भांच्या चुंबकीय अनुनादाच्या अभ्यासाचा पाया घातला. १९५९ साली कॅलिफोर्नियाचे सिंगर यांनी जिवंत उंदराच्या शेपटीतील रक्ताचा वेग याच तत्त्वाने मोजला. शेपटीपासून माणसाच्या हृदयापर्यंत येण्यास आणखी पंचवीस-एक वर्षे लागली. अडचण वेगाची होती.

वेगाशी शर्यत

जुन्या काळी फोटो काढावयाचा, तर छायाचित्रकार ‘हलू नका’ म्हणून बजावीत असे, आणि तरीही एखादे खोडकर पोर हललेच, तर त्याच्या जागी धुरकट डाग उमटे. एमआरआयच्या पहिल्या यंत्रांना एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. तेवढ्यात हृदयाचे शेकडो ठोके होऊन जातात. मग चित्रात हृदयाऐवजी धुरकट डागच उमटणार.

या अडचणीवर दोन वाटांनी मात करण्यात आली. पहिली वाट आपल्या घरच्या गोधडीसारखी आहे. छातीवर तारा लावून हृदयाच्या विजेचा आलेख घेतात आणि त्यावरून प्रत्येक ठोक्याचा आरंभ यंत्राला कळवितात. यंत्र प्रत्येक ठोक्यातून थोडाथोडा तुकडा गोळा करते व अनेक ठोक्यांचे तुकडे जोडून एका ठोक्याचे संपूर्ण चलत्चित्र शिवते. तोवर रुग्णाने दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरावयाचा असतो. बहुतेक इस्पितळांत आजही हीच रीत चालते, आणि ती उत्तम आहे. पण ठोके अनियमित असले, किंवा मूल लहान असून श्वास रोखू शकत नसले, तर तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि गोधडी वेडीवाकडी होते. अशा वेळी लहान मुलाला गुंगी देण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरी वाट म्हणजे हृदयाहूनही जलद होणे. ती पीटर मॅन्सफील्ड यांनी दाखविली. या गृहस्थांचे चरित्रही बोधप्रद आहे. पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती आणि ते छापखान्यात उमेदवारी करीत होते. पुढे पुन्हा अभ्यास करून ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. रेडिओ लहरींच्या एकाच झटक्यानंतर, चुंबकाची शक्ती अतिशय चपळाईने मागेपुढे फिरवून, सेकंदाच्या लहानशा अंशात संपूर्ण चित्राचे संकेत गोळा करण्याची रीत त्यांनी १९७७ साली मांडली. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या नॉटिंगहॅम येथील सहकाऱ्यांनी प्रथम सशाच्या हृदयाची, आणि १९८३ साली लहान मुलांची जिवंत चलत्चित्रे प्रसिद्ध केली. वेगाची ही विद्या आरंभीच बालकांच्या कामी आली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्यांना ‘श्वास रोखून धर’ असे सांगता येत नाही, त्यांच्यासाठी यंत्रालाच घाई करावी लागली!

त्यानंतर जर्मनीच्या गोटिंगेन शहरात येन्स फ्राम यांनी १९८५ साली हलक्या झटक्यांची एक नवी जलद रीत काढली. चुंबकात अनेक वेटोळ्या एकाच वेळी ऐकू लागल्या, म्हणजे थोडक्या संकेतांतून पूर्ण चित्र उभे करता येते, ही युक्ती १९९९ सालापासून रूढ होत गेली. गणितज्ञांनीही मदत केली. ओळखीच्या माणसाचे अर्धवट वाक्य ऐकूनही आपण उरलेले जाणतो, तद्वत थोड्या मापांवरून उरलेले चित्र गणिताने पुरे करता येते. २०१० साली फ्राम यांच्या मंडळींनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एक चित्र घेऊन दाखविले. म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात सुमारे चाळीस चित्रे! रुग्ण सहज श्वास घेत आहे, ठोका चुकला तर चुकलेला ठोकाही दिसत आहे. अशा रीती आता नव्या यंत्रांत हळूहळू येऊ लागल्या आहेत.

मागे फिरलेल्या रक्ताचा हिशेब

चित्र दिसणे निराळे आणि हिशेब मांडणे निराळे. एमआरआयचे खरे सामर्थ्य हिशेबात आहे. चुंबकाची शक्ती एका बाजूस वाढती ठेवली असता जो भोवरा जागीच उभा आहे, त्याची डुलण्याची लय ठरलेली राहते. पण जो रक्ताबरोबर वाहत गेला, तो वाटेत कमीअधिक शक्तीच्या प्रदेशांतून जातो आणि त्याची लय शेजाऱ्यांहून पुढेमागे होते. हा फरक जितका अधिक, तितका रक्ताचा वेग अधिक. आणि फरकाच्या दिशेवरून रक्त पुढे जाते की मागे, तेही कळते. अशा रीतीने यंत्र रोहिणीच्या एका छेदावर पहारा ठेवून, नाक्यावरच्या कारकुनाने गेल्या-आल्या गाड्यांची नोंद करावी तशी, रक्ताची जा-ये लिहून घेते.

उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीच्या उजव्या कप्प्याने एका ठोक्यात ८० मिलिलिटर रक्त फुप्फुसाकडे पाठविले आणि त्यांतील ३२ मिलिलिटर झडप न मिटल्यामुळे परत आले. म्हणजे शंभरांतले चाळीस भाग श्रम वाया गेले आणि फुप्फुसास खरोखर मिळाले ते ४८ मिलिलिटर. त्याच बैठकीत उजव्या कप्प्याचे आकारमानही मोजले जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे हा कप्पा सुमारे १६० मिलिलिटरपर्यंत फुगला, की ती सावधगिरीची खूण मानून तज्ज्ञ नव्या झडपेचा विचार करू लागतात. अर्थात अशा एकाच आकड्यावर निर्णय होत नसतो. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मापाशी ताडून, रुग्णाची एकंदर प्रकृती पाहून तो घेतला जातो. म्हणूनच जुने अहवाल जपून ठेवणे अगत्याचे आहे. नवी झडप बसविण्यासाठी प्रत्येक वेळी छाती उघडावी लागते असेही नाही. २००० साली पॅरिसमध्ये बोनहोफर यांनी मांडीच्या शिरेतून नळी नेऊन प्रथम अशी झडप बसविली, आणि योग्य रुग्णांत ती रीत आता पुष्कळ ठिकाणी चालते.

परीक्षेची तयारी

बऱ्हाणपुराकडील कुटुंबांना अशा तपासणीसाठी इंदूर, मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तेथे जाण्यापूर्वी थोड्या गोष्टी जाणून असाव्यात.

चुंबक सदैव जागा असतो. रुग्ण आत नसतानाही. म्हणून त्या खोलीत लोखंडाची कोणतीही वस्तू नेता येत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, किल्ल्या, मोबाइल, सारे बाहेर ठेवावे. गळ्यातील क्रूस किंवा मेडल काढावे लागले, म्हणून मुलाने खट्टू होऊ नये. बाहेर जपमाळ म्हणत बसलेल्या आईच्या मुठीत ते सुरक्षित राहील. शरीरात पेसमेकर, क्लिप वा अन्य धातूची वस्तू बसविली असेल, तर ती अवश्य सांगावी आणि पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद बरोबर न्यावेत. छातीचे हाड शिवण्यासाठी वापरलेल्या तारांमुळे सहसा अडचण येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तोही सांगावा, कारण कधीकधी शिरेतून एक औषध देऊन चित्र अधिक स्पष्ट करतात.

तपासणीला अर्ध्या तासापासून तासभर वेळ लागतो. यंत्र मोठ्याने ठकठक करते. कानात बोळे देतात. दुखत काहीच नाही. मुलाला घरीच चार दिवस आधी श्वास घेणे, सोडणे व रोखणे यांचा खेळ शिकविला, तर तेथे त्याची भीती निम्मी होते. क्ष-किरण नसल्यामुळे ही तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा करता येते. फॅलोची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत ती साधारणतः दहाव्या वर्षापुढे, तज्ज्ञ सांगतील तेव्हा, करावयाची असते. खर्च मोठा असतो, हे खरे. म्हणून आधी सरकारी इस्पितळात चौकशी करावी आणि आयुष्मान कार्ड असल्यास त्यातून काय होऊ शकते ते विचारावे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष शोधून त्यांना उपचारापर्यंत पोहोचविण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. अंगणवाडीत वा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला मुलाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट मोकळेपणाने सांगावी.

प्रत्येक छातीदुखीला किंवा प्रत्येक धडधडीला हा एमआरआय लागतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पुष्कळांचे काम साध्या तपासणीने व इकोने होते. जेथे प्रवाहाचे व कप्प्याचे नेमके माप हवे, तेथेच या यंत्राचे प्रयोजन आहे.

मुलीच्या छातीवरील व्रण

शेवटी एक नाजूक गोष्ट सांगावयाची आहे. मुलगा असेल, तर आपण त्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत अभिमानाने सांगतो. मुलगी असेल, तर ती उपवर होताच छातीवरील व्रण लपविण्याची धडपड सुरू होते. शहरातील डॉक्टरांकडे जाणे बंद होते, कारण ‘चार लोकांत चर्चा नको’. जुने कागद पेटीच्या तळाशी जातात, नाही तर चुलीत जातात. मग लग्न होते, दिवस जातात. गर्भारपणात हृदयाला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रक्त ढकलावे लागते. जो कप्पा आधीच ताणलेला आहे, त्याच्यावर हे ओझे येते, आणि ते येईपर्यंत कोणी आत डोकावलेलेच नसते.

आईबापहो, हा व्रण लाजेचा नव्हे. परमेश्वराने आपले लेकरू दुसऱ्यांदा आपल्या ओटीत घातले, त्याची ती खूण आहे. फॅलोच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ स्त्रिया सुखाने संसार करतात व निरोगी बालकांना जन्म देतात. पण गर्भधारणेपूर्वी हृदय तपासून, तज्ज्ञांचा सल्ला घेऊन. विवाहसंस्कार सत्यावर उभा असतो. जे घर व्रणाची गोष्ट ऐकून मागे फिरेल, ते फिरू द्यावे. जे घर ऐकून म्हणेल, ‘मग पुढची तपासणी केव्हा आहे, आम्हीही बरोबर येतो,’ तेथे मुलगी द्यावी.

जून महिना येतो, तेव्हा आपल्या घराघरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्रापुढे दिवा लागतो. त्या हृदयावरही एक जखम आहे, आणि चित्रात ती झाकलेली नाही. ती सर्वांना दिसावी म्हणून प्रभू स्वतः बोट दाखवीत उभा आहे. ज्या घरात बरे झालेले हृदय धडधडत आहे, त्या घराने त्या चित्राखाली बसून एवढेच करावे: पेटीच्या तळाशी गेलेले कागद वर काढावेत, शेवटची तपासणी कोणत्या साली झाली ते पाहावे, आणि बरीच वर्षे लोटली असतील, तर या महिन्यातच डॉक्टरांची वेळ घ्यावी.